नाकेदाराचा उन्हाळा

एप्रिल लागला की अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलवर पिवळं पीठ पडायला लागतं. पाइनच्या झाडांचा पराग तो. गाड्यांच्या काचा, पोस्टाच्या पेट्या, मागच्या डेकवरच्या खुर्च्या, फिरायला निघालेल्या कुत्र्यांची नाकं, सगळं पिवळं. इथं नवा आलेला माणूस पहिल्या वर्षी कौतुकानं फोटो काढतो, दुसऱ्या वर्षी शिंकतो आणि तिसऱ्या वर्षापासून मुकाट्यानं वायपर चालू करतो. मी या शेवटच्या वर्गात जाऊन बरीच वर्षं झाली. तरी आज सकाळी ऑफिसला निघताना किल्ली हातात धरून गाडीत तशीच बसून राहिले. काचेवरच्या परागात कुणीतरी बोटानं चौकोन काढला होता. माझ्या मुलीचं, इराचं काम. एका टोकावर उभा केलेला चौकोन, बेसबॉलच्या मैदानाचा, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका.

तो ठिपका म्हणजे नाकेदार. त्याला शेवटचं पाहून आता पाच वर्षं होतील. वायपर काही चालू करवेना.

पराग पडायला लागतो त्याच सुमाराला इथं आईबाबांचाही सीझन सुरू होतो. भारतातून आई-वडील यायला लागतात. विमानतळावर ते व्हीलचेअरवरून बाहेर येतात, अगदी रोज पर्वती चढणारेसुद्धा, कारण व्हीलचेअर मागितली की ढकलणारा माणूस मिळतो आणि वाटेत कुणाशी इंग्रजी बोलावं लागत नाही. सप्टेंबरपर्यंत मग संध्याकाळी आमच्या रस्त्यांवर साड्यांखाली पांढरे स्पोर्ट्स शूज दिसत राहतात. लोणची येतात, जुने वाद येतात, नातवंडांची मराठी थोडी वधारते.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीन साली, माझे बाबा एकटे आले. आई आदल्या डिसेंबरात गेली होती, नागपूरच्या घरी, स्वयंपाकघरात, संध्याकाळी. हृदय बंद पडलं एवढंच मला फोनवर कळलं. मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. बाबांनी व्हीलचेअर घेतली नव्हती. सगळ्यांच्या मागून ते चालत आले, ताठ, आणि खांद्याला आईची पांढरी पिशवी. बाबांच्या जुन्या क्रिकेटच्या पँटची आईनं शिवलेली ती पिशवी, भाजी आणायची. इतक्या लांबच्या प्रवासाला कुणी ती घेईल असं मला वाटलं नव्हतं.

बाबा पाटबंधारे खात्यात होते आणि खात्याच्या टीमकडून उमेदीची सगळी वर्षं क्रिकेट खेळले. शतक त्यांनी कधी काढलं नाही. षटकार मारल्याची गोष्टही कधी सांगितली नाही, म्हणजे मारला नसणारच. एकेक धाव काढणारा माणूस. "बॅटले बॉल लागला पाहिजे, पुढचं पुढे," हे त्यांचं वाक्य माझ्या गणिताच्या पेपरांपासून लग्नापर्यंत सगळीकडे लागू पडत आलं. खेळणं थांबलं तेव्हा रेडिओ सुरू झाला. बाहेरच्या खोलीत खुर्चीत बाबा, कानाशी रेडिओ, आणि आतून आईचा आवाज: "अहो, किती झाले?"

तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. एकशे दहा झाले काय आणि तीनशे झाले काय, ती "बरं" म्हणायची आणि कुकर लावायची. पण विचारायची. पोळ्या होईपर्यंत दहा वेळा विचारायची. बाबा दर वेळी सांगायचे, आधी धावा, मग बाद. "एकशे चाळीस झाले, तीन बाद." "बरं." हा आमच्या घराचा आवाज होता. नळाच्या किंवा पंख्याच्या आवाजासारखाच तो आम्ही भावंडं ऐकत नव्हतो.

इथं आल्यावर बाबा बोलेनासे झाले. भांडण नाही, रुसवा नाही. विचारलं की उत्तर द्यायचे, तेवढंच. अर्धी पोळी खायचे आणि ताट झाकून ठेवायचे. माझा नवरा मंदार कन्सल्टिंगमध्ये, सोमवारी पहाटे विमानानं जायचा तो गुरुवारी रात्री परत. म्हणजे आठवडाभर घरात मी, सात वर्षांची इरा आणि ते मौन. क्लबहाउसपाशी इतरांचे आईवडील जमायचे, तिथं एकदा त्यांना सोडून आले तर दहा मिनिटांत परत. "काहून आलात बाबा?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं, हसतील म्हणून. "सगळे जोडीनं आहेत," म्हणाले. खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली होती. आईपाठोपाठ हेही निघालेत, फक्त पायी निघालेत म्हणून वेळ लागतोय, असं काहीतरी मनात यायचं.

मे महिन्यात ऑफिसनं फॅमिली इव्हनिंगची तिकिटं दिली. आमच्याकडून अर्ध्या तासावर एक छोटं बेसबॉलचं मैदान होतं, खालच्या पातळीवरच्या लीगमधल्या एका टीमचं. मोठ्या टीममध्ये जायची वाट बघणारे पोरगे आणि मोठ्या टीमकडून परत आलेले बाप्ये, असा तो सगळा मामला. लाकडी भिंतीवर जाहिराती, पलीकडे पाइनची रांग, हवेत तळलेल्या कांद्याचा वास. मला बेसबॉल तेव्हा आवडत नव्हता आणि कळतही नव्हता. इराला न्यायचं होतं, आणि बाबांना घरी एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून तिघं गेलो. आमच्या जागा पहिल्या बेसच्या मागे होत्या.

तिसऱ्या डावाच्या सुमाराला एका बॅट्समनचा फटका वाकडा उडाला, पायऱ्यांवर आपटला आणि बॉल थेट बाबांच्या पायाशी आला. आजूबाजूची पोरंटोरं झेपावली. पण बाबा इतक्या चटकन वाकले की मी बघतच राहिले. बॉल उचलला, उभे राहिले, आणि "धरा हो!" असं ओरडून त्यांनी तो मैदानात परत फेकला. सरळ, खांद्याच्या रेषेत, पहिल्या बेसवर उभ्या असलेल्या खेळाडूकडे.

सगळ्या स्टँडमधून एक मोठं "ऑऽऽ" निघालं. लोक हसायला लागले. इरानं तोंड झाकून घेतलं. "आजोबा! यू गेट टु कीप इट! तो आपला असतो!"

बाबांना काही समजेना. "मॅचचा बॉल आपला कसा होईल?" ते मला म्हणाले. "ते लोक खेळून राहिले ना त्याच्यानं. आपण घरी नेला तर पुढं कशानं खेळतील?" महिनाभरात त्यांनी बोललेली ती पहिली सलग तीन वाक्यं. मी हसू की रडू अशी झाले.

त्या पहिल्या बेसवाल्यानं बॉल झेलला होता, न दचकता. वयानं थोराड माणूस. टोपीच्या कडेनं पांढरे केस, पोटावर शर्ट जरा ताणलेला. त्यानं बॉलकडे पाहिलं, मग स्टँडकडे. पंचानं खिशातून दुसरा बॉल काढून खेळ सुरू करायची खूण केली होती, तरी तो शांतपणे कठड्यापाशी चालत आला आणि बॉल हलकेच बाबांकडे टाकला. "दॅट्स यूअर्स, सर." बाबांनी दोन्ही हातांनी झेलला, पोटाशी घेऊन, जुन्या पद्धतीनं. आणि त्याला मान लववून नमस्कार केला. त्यानंही टोपीला हात लावला.

घरी येताना गाडीत बाबा म्हणाले, "पुन्हा कधी आहे?"

अशी त्या उन्हाळ्याची सुरुवात झाली.

त्या खेळाडूचं नाव त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं, पण आमच्या घरात ते कुणी घेतलं नाही. बाबांनी पहिल्या बेसला पहिला नाका म्हणायला सुरुवात केली आणि त्या माणसाला नाकेदार. आमच्या विदर्भात जंगलाच्या नाक्यावर नाकेदार असतो. आत जाणारी बैलगाडी, बाहेर येणारी मोळी, सगळं त्याच्यासमोरून. "पाहा, जो येतो त्याले आधी ह्याच्याजवळून जावं लागते," बाबा म्हणायचे. आणि खरंच, विरुद्ध टीमचा कुणी त्याच्या बेसवर येऊन पोचला की नाकेदार त्याच्याशी बोलायचा. काय बोलायचा देव जाणे. तोंडावर हातमोजा धरून दोघं हसायचे. बाबा खूश व्हायचे. "कुठचा आहेस, घरचे बरे आहेत का, हेच विचारत असन."

मैदानात कुठूनही बॉल उचलला की सगळे त्याच्याकडे फेकायचे. वेडावाकडा, उंच, टप्पा खात, कसाही. तो एक पाय बेसवर टेकवून उरलेलं सगळं अंग बॉलकडे लांबवायचा. माळ्यावरचा डबा काढताना आई अशीच एका चवड्यावर उभी राहायची, दुसरा पाय हवेत. हे माझ्या मनात आलं, आणि बाबांकडे पाहिलं तर तेही त्याच्या पायाकडेच बघत होते.

बॅटिंगला आला की तो बॅट जरा वर पकडायचा, मुठीच्या खाली लाकूड राखून. धिप्पाड पोरं जिवाच्या आकांतानं बॅट फिरवायची. लागला तर पाइनच्या पलीकडे, नाही तर नुसती हवा. नाकेदाराची बॅट हवेतून गेलेली क्वचितच दिसायची. तो बॉलला नुसतं भेटायचा. दोन माणसांच्या मधली जागा, तिसऱ्याच्या डोक्यावरची जागा, आणि हा पहिल्या बेसवर जाऊन उभा. टाळ्या फारशा नाहीत. बूट झटकायचा, टाचेनं मातीत एक रेघ ओढायचा.

आमच्या मागच्या रांगेत मिस लोरेन नावाच्या एक म्हाताऱ्या बाई बसायच्या. सीझनभराचं तिकीट त्यांचं, वर्षानुवर्षं. त्यांच्याकडे एक ओली कागदी पिशवी असायची आणि तिच्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. पहिल्यांदा त्यांनी ती पुढं केली तेव्हा बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते माझ्या कुठल्याही पुरणपोळीनं आलं नव्हतं. "इथंही उकडतात?" मिस लोरेनकडूनच आम्हाला नाकेदाराची कहाणी कळली. तरुणपणी या मैदानावर आला. मग तिकडच्या टीमकडे, पलीकडच्या टीमकडे, बसनं सगळा देश फिरला. एकदा मोठ्या टीमनं बोलावलं, काही आठवडे बाकावर बसवलं आणि परत पाठवलं. हिवाळ्यात तो ट्रक चालवतो. "ही एंट नेव्हर बीन अ स्टार, हनी," त्या म्हणाल्या. "ही जस्ट शोज अप." मी बाबांना मराठीत सांगितलं. बाबा शेंग सोलत म्हणाले, "रोज येणं सोपं नसते."

आणि त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की बाबा माझ्या शेजारची खुर्ची सोडून बसतात. एका बाजूला मी आणि इरा, मध्ये ती रिकामी खुर्ची, आणि पलीकडे बाबा. खुर्चीवर आईची पांढरी पिशवी. सुरुवातीला वाटलं, पाय मोकळे ठेवायला हवे असतील. मग एकदा गलका ओसरल्यावर ऐकू आलं. बाबा रिकाम्या खुर्चीकडे मान किंचित वळवून, अगदी हळू, म्हणत होते, "दोन झाले, एक बाद."

थोड्या वेळानं पुन्हा. "तीन झाले, दोन बाद."

उन्हाळ्यातली घामट संध्याकाळ होती, पण मी इराला अंगाशी ओढून घेतलं.

एकदा एक जाडजूड गृहस्थ हातात बिअर घेऊन आले आणि पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, "एनीबडी सिटिंग हिअर?" मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "येस. टेकन." गृहस्थ दुसरीकडे गेले. पुढं कुणी आलं तर मागून मिस लोरेनच सांगायच्या, "दॅट सीट्स टेकन, शुगर." त्यांनी आम्हाला कधीही काही विचारलं नाही. मला मात्र त्या खुर्चीकडे बघवेना. पिशवीचे बंद वाऱ्यानं हलायचे आणि माझं लक्ष खेळावरून उडायचं.

मंदारला फोनवर सांगितलं. तो व्यवहारी माणूस. "यार, हे नॉर्मल नाहीये. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ का? इन्शुरन्स आहेच त्यांचा." मग जरा थांबून म्हणाला, "की असू दे? जेवतायत ना ते आता?" जेवत होते. मॅचच्या दिवशी दोन पोळ्या खायचे. पण मला प्रश्न असा पडायचा, की ते जेवतायत ते आमच्यात राहण्यासाठी, की तिला स्कोर सांगायला अंगात बळ हवं म्हणून?

जुलैमध्ये काजवे आले. इरा ते बरणीत धरायची आणि बाबा सोडून द्यायला लावायचे. टीम बाहेरगावी गेली की मॅच रेडिओवर यायची. मी एक छोटा रेडिओ आणला आणि बाबांच्या खुर्चीपाशी ठेवला. इरा जमिनीवर पालथी पडून त्यांना नियम समजवायची, इंग्रजीत. ते मराठीत उत्तर द्यायचे.

"आजोबा, ही इज आउट."

"बाद म्हण."

"ही इज बाद."

अशाच एका संध्याकाळी मी आत भाजीला फोडणी देत होते. मोहरी तडतडली. बाहेर रेडिओचा खरखरता आवाज, टाळ्यांचा आवाज. आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "बाबा, किती झाले?"

रेडिओ बंद झाल्याचा खट्ट आवाज आला. मग बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चिडलेले नव्हते. चेहरा पांढराफटक होता, आणि ते माझ्याकडे नाही, माझ्या मागे गॅसकडे बघत होते.

"तू नको विचारू," म्हणाले. "ते तुझ्या आईचं आहे."

ते त्यांच्या खोलीत गेले. इरा दारात उभी, डोळे मोठे करून. "आई, व्हॉट डिड यू डू?" मला कुठं माहीत होतं मी काय केलं ते. फोडणी करपली होती. खिडकी उघडून मी तिथंच बराच वेळ उभी राहिले. माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघरात, माझी आई मेली तेव्हा जितकी मेली नव्हती तितकी त्या संध्याकाळी मेली. आणि त्याच वेळी ती तिथं उभी आहे असंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं हे मला आजही सांगता येत नाही.

ऑगस्टमध्ये नाकेदाराला फटके लागेनात. म्हणजे बॅटला बॉल लागायचा, पण नेमका कुणाच्या तरी हातात जायचा. पूर्वी मधल्या जागेत पडणारा बॉल आता वीतभर आधी पडायचा आणि कुणीतरी उचलायचं. धावताना त्याचा गुडघा दुखतोय हे वरून कळायचं. मग एक उंचापुरा नवा खेळाडू आला, पहिल्याच दिवशी पाइनच्या पलीकडे बॉल मारला, आणि पहिल्या बेसवर तोच उभा राहायला लागला. नाकेदार बाकावर. पाठ भिंतीला टेकवून, हातमोजा मांडीवर.

बाबा तरी जात राहिले. मॅच बघायचे की बाक, कोण जाणे. "एकदा तरी खेळवतील ना ह्याले?" मला रोज विचारायचे, जणू मी सिलेक्शन कमिटीवर होते. त्यांचा स्कोर सांगणं कमी झालं होतं. शेंगा मांडीवर तशाच राहायच्या. रात्री अर्धी पोळी. परतीचं विमान सप्टेंबरात होतं, आणि मला दिसत होतं की नाकेदार असाच बाकावर बसून संपला, तर हे नागपूरला जातील आणि तिथं खुर्चीत बसून संपतील. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

सीझनची शेवटची मॅच घरच्या मैदानावर होती. नाकेदाराची ही शेवटची, असं मिस लोरेननी आधीच सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पिशवीत काहीतरी गोल होतं, मी विचारलं नाही. पाइनच्या मागे सूर्य लवकर गेला. आमची टीम मागे होती. बाबा एकदाही खुर्चीकडे वळले नाहीत, एकदाही स्कोर सांगितला नाही. शेवटचा, नववा डाव, दोन बाद; तिसरा बाद झाला की खेळ संपला. आणि बाकावरून नाकेदार उठला.

लोक उभे राहिले. मोठी टाळी नव्हती, पण लांब होती. त्यानं बॅट नेहमीसारखी वर धरली. एक बॉल वाकडा मारला. आणखी एक वाकडा. मग आणखी कितीतरी. गोलंदाज टाकतोय आणि हा नुसता बॅटला बॉल लावतोय, इकडे तिकडे, रेषेबाहेर, कठड्यावर, म्हणजे धाव नाही पण बादही नाही. जायचंच नाही असं ठरवून आला होता. इरानं माझा हात घट्ट धरला होता. बाबा ओठ हलवत होते.

मग एक लागला, जोरात, जमिनीलगत. नेमका मधल्या खेळाडूच्या समोर. त्यानं उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकला. नाकेदार त्या दुखऱ्या गुडघ्यानं धावला. तिकडचा पहिल्या बेसवाला पाय टेकवून अंग लांबवून उभा, अगदी ह्याच्यासारखा. एका पावलाचा फरक. बाद.

त्याच्याच नाक्यावर बाद झाला. बेस ओलांडून तो थोडा पुढं गेला, परत आला, आणि टाचेनं मातीत रेघ ओढली. तिकडच्या पहिल्या बेसवाल्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"लागला," बाबा म्हणाले. "बॅटले लागला ना. बस."

मॅचनंतर पोरं सह्या घ्यायला कठड्यापाशी धावली. बाबाही उठले. इरा त्यांच्या मागे आणि मी तिच्या मागे. पिशवीतून काढलेला तो बॉल त्यांच्या हातात होता, मे महिन्यातला. नाकेदारानं सवयीनं पेन उघडलं. बाबांनी मान हलवली. "नो साइन," म्हणाले. "फॉर यू. गेम बॉल."

त्यानं बॉल हातात फिरवला. आधी त्याला काही कळलं नाही. मग त्याचा चेहरा बदलत गेला. "यू आर द फेला हू थ्रोज देम बॅक," तो म्हणाला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "ऑल माय लाइफ आय वॉच्ड फोक्स टेक देम होम." त्यानं बॉल खिशात ठेवला. कठड्यावरून दोघांनी हात मिळवले. दोघांचीही बोटं खेळून वाकडी झालेली होती, हे मला तेव्हा दिसलं.

आम्ही परत जागेवर आलो. स्टँड रिकामा होत होता. मिस लोरेन जाताना बाबांच्या खांद्यावर थोपटून गेल्या. मैदानावरचे दिवे एकेक खांब करून विझायला लागले. बाबांनी खुर्चीवरची पिशवी उचलली, घडी केली आणि मांडीवर घेतली.

"ये," म्हणाले. "इकडं बस."

मी त्या खुर्चीत बसले. ती गार होती.

"त्या दिवशी मॅच सुरू होती," बाबा समोर बघत म्हणाले. "आतून तिनं विचारलं, अहो, किती झाले. मी म्हटलं, थांब, ओव्हर संपू दे. दोन बॉल राहिले होते. ओव्हर संपली, मी सांगितलं. तिकडून 'बरं' आलं नाही. मला वाटलं, मिक्सर सुरू असन." त्यांनी पिशवीची घडी पुन्हा नीट केली. "तिला स्कोर थोडीच पाहिजे होता. मी बाहेर आहो ना, एवढं पाहत होती ती. आणि मी तिला थांब म्हटलं."

हे आम्हा भावंडांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. नऊ महिने हा माणूस रोज त्या एका उत्तराची परतफेड करत होता, रिकाम्या खुर्चीला. मला त्यांचा हात धरायचा होता, पण ते हात पिशवीवर घट्ट मिटलेले होते.

"आता तू विचार," ते म्हणाले.

इरा पलीकडून आमच्याकडे बघत होती. शेवटी मी विचारलं, "बाबा, किती झाले?"

"चार झाले," बाबांनी लगेच सांगितलं. "सगळे बाद."

"बरं," मी म्हणाले.

मग ते रडले. आई गेल्यावर पहिल्यांदा, असं मला वाटतं. आम्ही तिघं तिथं बसून राहिलो. मैदान झाडणारा माणूस दोनदा येऊन बघून गेला आणि दुसऱ्या रांगेकडे वळला.

बाबा नागपूरला गेले, आणि त्यानंतर आणखी दोन वर्षं होते. बरे होते. अर्धी नाही, पुरती पोळी खात होते, असं वहिनी सांगायची. गेले ते दुपारी झोपेत. ती पांढरी पिशवी आता माझ्याकडे आहे, धुऊन घडी करून कपाटात. ती टीमही पुढं दुसऱ्या गावी गेली. मैदानाला कुंपण घातलंय. मध्ये एकदा तिकडून जाताना गाडी थांबवली होती. गवत वाढलंय, बेस उचलून नेलेत. पहिल्या बेसच्या जागी नुसता मातीचा एक चौकोन होता, तिथं गवत उगवलेलं नव्हतं. का उगवलं नाही ते विचारायला तिथं कुणी नव्हतं, आणि मी काही थांबले नाही.

आज संध्याकाळी घरी आले तेव्हा खिडक्यांच्या चौकटींवर पराग होता. मंदार नेहमीप्रमाणे बाहेरगावी. इरा बाहेरच्या खोलीत होती, आता बारा वर्षांची. दार लावून बोलते, इंग्रजीतच बोलते, मराठीत विचारलेल्या कशालाही "व्हॉटेव्हर" म्हणते. मी कांदा चिरला, तेल तापत ठेवलं. मोहरी तडतडली. आणि माझ्या तोंडून निघालं, माझ्या नाही, हुबेहूब आईच्या आवाजात, शेवटचं अक्षर जरा ओढून: "किती झाले गं?"

माझा हात तसाच थांबला. नाकेदाराच्या त्या उन्हाळ्यानंतर या घरात तो प्रश्न मी कधीच विचारला नव्हता.

बाहेरून तत्क्षणी उत्तर आलं. "तीन झाले, दोन बाद."

मी गॅस बारीक करून बाहेर आले. टीव्ही बंद होता. रेडिओ तर कधीचाच बिघडलाय. इरा जमिनीवर पालथी पडून गणितं सोडवत होती, कानात काही नाही.

"कुठली मॅच?" मी विचारलं.

"नो मॅच." तिनं वर पाहिलं नाही. "तू विचारलंस ना."

"मग?"

"आजोबा सेड." पेन्सिल थांबली. मग ती मराठीत बोलली, सावकाश, पाठ केलेलं आठवत असल्यासारखी. "ते म्हणाले होते, कोणी विचारलं की थांब नाही म्हणायचं. माहीत नसलं तरी लगेच सांगायचं."

ती पुन्हा वहीत वाकली. मी आत आले. कांदा टाकला, परतला. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं होतं असं म्हणायला हरकत नाही, पण नव्हतं. थोड्या वेळानं मी पुन्हा विचारलं, या वेळी मुद्दाम, माझ्याच आवाजात.

"चार झाले," बाहेरून इरा म्हणाली.

"बरं," मी म्हणाले, आणि कुकर लावला.